एका दिवसाचा मुलूख : प्रस्तावना

साहस म्हटले की आपल्या मनश्चक्षूंसमोर प्रथम उभी राहतात ती हिमालयाची हिमाच्छादित शिखरे, महिनोन्महिने चालणाऱ्या मोहिमा आणि त्यांसाठी लागणारा द्रव्याचा व मोकळिकीचा सरंजाम. आणि ज्या गृहस्थाच्या पदरी वर्षाकाठी मोजकी रजा, बेताची मिळकत, घरी वृद्ध आईवडील व शाळेत जाणारी मुले असा संसार आहे, तो या चित्राकडे आदराने पाहून, साहस हा आपल्या वाट्याचा विषय नव्हे, असा निकाल स्वतःविरुद्ध देऊन मोकळा होतो. हा निकाल अन्यायाचा आहे, आणि तो फिरवून घ्यावा एवढ्याचसाठी प्रस्तुत पुस्तकाचा प्रपंच आहे. घरातून पहाटे निघावे, दिवेलागणीच्या सुमारास पुन्हा उंबऱ्यात पाऊल टाकावे, आणि मधल्या वेळात ज्याची पूर्वकल्पना नव्हती असे काही पाहून, चढून वा ओलांडून यावे, एवढीच अट संपादकांनी या पुस्तकातील प्रत्येक वाटेला घातली होती. अट वरकरणी किरकोळ दिसते, परंतु तिने विषयाचे स्वरूपच पालटते. ज्या वाटेवरून सायंकाळी परतता येते ती वाट माणसाला पुढच्या आठवड्यात, पुढच्या ऋतूत, पुढच्या वर्षी पुन्हा चालता येते. आणि पुन्हा पुन्हा चालणाऱ्यास जे गवसते ते एकदाच दूर जाऊन आलेल्या प्रवाशाच्या हाती सहसा लागत नाही, कारण पहिल्या खेपेस माणूस डोंगर पाहतो, आणि डोंगरावर काय आहे ते पाहण्यास त्यास पुष्कळ खेपा लागतात.

या पुस्तकाचा मुलूख म्हणजे पुणे शहर आणि एका दिवसात जाऊन येता येईल असा त्याच्या भोवतालचा प्रदेश. या कामी निसर्गाने पुण्यावर विशेष मेहेरनजर केली आहे. पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य धार, तिच्यापासून पूर्वेकडे निघालेल्या व थेट वस्तीत शिरलेल्या डोंगरसोंडा, आणि दिवेघाट ओलांडला की पसरत जाणारे कोरडे पठार, अशी येथील भूरचना आहे. पुण्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोहमार्गाने अवघ्या ६५ किलोमीटरांवर असलेल्या लोणावळ्यात तोच चार हजार मिलिमीटरांच्या वर जातो. एवढ्या थोड्या अंतरात पर्जन्याचा असा चढउतार असला म्हणजे मातीचा रंग, शेतातले पीक, घराच्या छपराचा उतार आणि झाडांची जातकुळी ही सारीच पावलागणिक पालटत जातात, आणि लोकलने तास-दीड तास प्रवास करणारा मनुष्य वस्तुतः एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जात असतो. एका रविवारी मळवलीस उतरून भाताच्या खाचरांमधून भाजे लेण्यांच्या पायथ्याशी जावे, आणि पुढल्या रविवारी यवतनजीक भुलेश्वराच्या डोंगरावर चढून पूर्वेकडील उघड्या बाजरीच्या मुलुखावर दृष्टी टाकावी. या दोन दिवसांत जो प्रवास घडतो तो मैलांच्या हिशेबात मावणारा नाही.

घराजवळच्या पायपिटीला विद्वत्तेच्या दरबारात मानाचे आसन मिळवून देणारा पुरुष याच शहरात होऊन गेला. दामोदर धर्मानंद कोसंबी हे व्यवसायाने गणिती. १९०७ साली गोव्यात जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविते झाले, पुढे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले तरी बिऱ्हाड पुण्यासच ठेवून डेक्कन क्वीनने जा-ये करीत राहिले. १९६६ साली त्यांचे देहावसान झाले. प्राचीन भारताचा इतिहास पोथ्यांत आणि ताम्रपटांतच शोधावयाचा असतो, हा तोवरचा शिरस्ता होता. कोसंबींनी संस्कृत ग्रंथांचे संपादन पंडितांच्या तोडीने केले, परंतु तेवढ्यावर समाधान न मानता हाती काठी घेऊन ते आपल्या घरापासून पायी जाता येईल अशा टेकड्यांवर हिंडू लागले. धनगरांशी बोलले, माळावरच्या शेंदूर माखलेल्या धोंड्यांची नावे विचारली, म्हसोबा, वेताळ, तुकाई, बोल्हाई ही दैवते नेमकी कोठे बसली आहेत याची नोंद करीत गेले. त्यांतून त्यांच्या ध्यानात आले ते असे, की आज आडरानात, गावापासून दूर वाटणारी मातृदेवतांची कित्येक ठाणी नांगराची शेती येण्यापूर्वीच्या गुराख्यांच्या जुन्या वाटांवर, आणि विशेषतः त्या वाटा जेथे एकमेकींस छेदतात तेथे आहेत. गावे मागाहून वसली, देव आधीपासून तेथेच होते. हे प्रतिपादन १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या त्यांच्या ग्रंथात आले, आणि जगभरच्या इतिहासकारांनी त्याची दखल घेतली. त्या ग्रंथाचे संशोधनक्षेत्र पाहिले तर त्यातील पुष्कळसे आज शहराच्या बसने गाठता येते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कोसंबींनी या वाटांवरून जी वस्तू पुष्कळ वेचली तिचे वर्णन येथे सविस्तर करणे इष्ट आहे, कारण ती आजही दृष्टीस पडते आणि ती ओळखता येऊ लागली की चालणाऱ्याची मान आपोआप खाली वळते. ही वस्तू म्हणजे सूक्ष्मास्त्र: अश्मयुगीन माणसाने गारगोटीच्या वा अकीकाच्या गोट्यापासून छिलून काढलेले, नखाएवढे किंवा त्याहून थोडे लांब पाते. पहिल्या दोन-चार सरींनी उतारावरची माती धुऊन नेली म्हणजे काळ्या खड्यांच्या गर्दीत एखादा दुधी, राखी किंवा मधाच्या रंगाचा कपचा उघडा पडतो. तो उन्हासमोर धरला तर कडेतून उजेड आरपार येतो. निसर्गतः फुटलेल्या कपच्यात आणि माणसाने काढलेल्या पात्यात फरक असा, की पात्याच्या एका अंगास, जेथे आघात झाला त्या टोकाशी, किंचित फुगवटा असतो, आणि दुसऱ्या अंगावर आधी काढलेल्या पात्यांच्या समांतर कडा उमटलेल्या असतात. असली पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवून त्यांचे हत्यार होई. आता हा गारेचा दगड काळ्या बेसाल्टाच्या मुलुखात आला कोठून, याचे उत्तर त्याच टेकडीच्या पोटात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला लाव्हारस थरांवर थर साचत गेला, आणि त्यातील वायू निसटताना, तव्यावरच्या आंबोळीत पडावी तशी त्या थरांत जाळी पडली. पुढे त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्याने सिलिका आणून भरली, खडक झिजला, आणि भरलेले गोटे मोकळे होऊन ओढ्यात आले. लाव्ह्याच्या बुडबुड्यापासून शिकाऱ्याच्या हत्यारापर्यंतची ही अखंड साखळी ज्याला एका तळहातावर पाहता आली, त्याला आणखी दूर जाण्याची निकड त्या दिवशी तरी भासू नये. पाते पाहावे, ज्या जागी होते त्याच जागी ठेवावे. तेथून ते हलले की त्याची साक्ष संपते.

कोसंबींच्या आधी तीन शतके याच परिसरात दुसरा एक पुरुष घराजवळचा डोंगर जवळ करीत होता. देहूहून भंडाऱ्याचा डोंगर सकाळी निघून सहज गाठावा एवढ्याच अंतरावर आहे. तुकोबा एकांतासाठी तेथे जात. भामचंद्राचा डोंगर आणि तळेगावच्या वाटेवरील घोराडेश्वर ही त्यांची आणखी दोन स्थाने परंपरेने सांगितली आहेत. ही तिन्ही ठिकाणे डोंगरात कोरलेल्या प्राचीन लेण्यांची आहेत, हे भाविकांच्या सहसा लक्षात येत नाही. घोराडेश्वराचे शिवालय तर बौद्धांच्या विहारातच नांदते आहे. दुकान, देणेकरी, दुष्काळ आणि संसार या सर्वांच्या शिवेला लागून असलेला तो एकांत होता, आणि तेथून उतरून तुकोबा पुन्हा त्याच गावात, त्याच माणसांत येत. पंढरीच्या वारीचे माहात्म्य आपण पिढ्यान्‌पिढ्या गातो ते योग्यच आहे. पण या रोजच्या डोंगराकडे आपले जावे तितके लक्ष गेलेले नाही.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग वेताळ टेकडीने व्यापला आहे, आणि तसा तो व्यापावा हे न्याय्यच आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहराच्या हद्दीतील सर्वोच्च जागा; तिच्या चारी अंगांना वस्ती असून माथ्यावर वेताळाचे देऊळ आणि अलीकडे दगडाची सोडून दिलेली खाण आहे. तिच्यावर रोज सकाळी शेकडो माणसे चढतात, आणि त्यांतील बहुतेक घड्याळाकडे पाहत उतरतात. त्यांच्या व्यायामास माझा यत्किंचित विरोध नाही. परंतु मृगाच्या आगेमागे याच टेकडीच्या झुडपांत नवरंग येऊन दाखल होतो आणि पहाटे व सांजवेळी दोन सुरांची स्वच्छ शीळ घालतो. पहिल्या पावसानंतर तांबड्या मखमली अंगाचे मृगाचे किडे चार दिवस ओल्या मातीवर फिरतात आणि नंतर वर्षभर दिसत नाहीत. भाद्रपदात उघड्या कातळावरच्या वीतभर मातीत तेरडा आणि सोनकी फुलते. गवत पिवळे पडू लागले की उत्तरेकडून धोबी पक्षी येतात. आणि फाल्गुनात, सर्व रान करपलेले असताना, पळस व पांगारा निष्पर्ण फांद्यांवर पेटलेले दिसतात. हा सारा सोहळा पायवाटेपासून दहा पावलांवर चालतो. दुर्गा भागवतांनी १९५६ साली 'ऋतुचक्र' लिहून बाराही महिन्यांच्या निसर्गाकडे डोळसपणे पाहण्याची वाट मराठी वाचकास घालून दिली. त्या वाटेने एकाच टेकडीवर वर्षभर जाण्याचा नेम धरणारा वाचक या पुस्तकास लाभावा, अशी मनापासून इच्छा आहे.

भादव्यातील एकच गोष्ट जरा थांबून सांगतो. पुण्याजवळच्या डोंगरउतारांवर, गवताच्या आधाराने वर चढणारी एक बारीक वेल असते. तिला बोटाच्या पेराएवढे फूल येते, खाली फुगीर, मध्ये नळीसारखे, आणि वर पाच पाकळ्यांची टोके एकत्र जुळून झालेली घुमटी. हे कंदीलपुष्प. फुलाच्या वासाने लहान माश्या घुमटीच्या फटींतून आत शिरतात. नळीच्या आतल्या अंगास खाली वळलेले केस असतात, त्यामुळे उतरणे सोपे आणि वर येणे दुर्घट होते. माशी तळाशी अडकून फिरत राहते, आणि तिच्या अंगास परागांची पुडी चिकटते. काही काळाने ते केस मलूल होतात, वाट मोकळी होते, आणि माशी आपला ऐवज घेऊन दुसऱ्या फुलाकडे जाते. ही घटना पाहावयाची तर गवतात पालथे पडून, डोळा फुलाच्या पातळीस आणून, बराच वेळ स्वस्थ राहावे लागते. सिंहगडाचा कडा चढण्यास जेवढी चिकाटी लागते तेवढीच येथे लागते, असे मी निःशंकपणे म्हणेन.

सिंहगडाचा उल्लेख आलाच आहे, तर त्याविषयी थोडे. आतकरवाडीची वाट, पुणे दरवाजा, देवटाक्याचे गार पाणी, पिठले-भाकरी आणि मडक्यातले दही, एवढ्यात बहुतेकांचा सिंहगड आटोपतो. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे त्यास दोनच पृष्ठे दिली आहेत, आणि तीही कल्याण दरवाजाच्या कमी राबत्या वाटेस. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून डोंगरधारेने रात्रभर चालत सिंहगड गाठण्याची चाल तरुणांत रूढ आहे. ती रम्य आहे, पण एका दिवसाची अट मोडते, सबब वगळली.

या अटीचा एक लाभ असा झाला, की ज्यांना रात्री घराबाहेर राहण्याची मोकळीक नाही अशांच्या हाती हे पुस्तक उपयोगी पडेल. आपल्या समाजात पुरुषाच्या भटकंतीस हौस म्हणतात आणि बाईच्या भटकंतीबद्दल जाब विचारतात, ही वस्तुस्थिती आहे. सकाळचा डबा करून निघालेली आणि संध्याकाळच्या स्वयंपाकापूर्वी परतलेली बाई मधल्या वेळात लोहगडाच्या पायऱ्या चढून आली, तर त्या दिवसावर तिचा हक्क पूर्ण आहे, आणि तो तिने मागून न घेता बजावावा. या संग्रहातील अनेक वाटा स्त्रियांनी लिहिल्या आहेत, आणि वाटेतील पाणी, आडोसा, वस्ती व परतीच्या वाहनाची वेळ यांविषयी त्यांनी केलेली टिपणे पुरुषांच्या टिपणांहून कितीतरी अधिक नेमकी उतरली आहेत.

जवळचा डोंगर निरुपद्रवी असतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. शेवाळलेला कातळ आषाढात घराशेजारीही तितकाच निसरडा असतो. सोडलेल्या खाणीतील पाण्याचा तळ कोठे आहे हे काठावरून कळत नाही. लेण्यांच्या कपारींना आग्या मोहोळ असते आणि ते धुराने, अत्तराच्या वासाने वा गोंगाटाने उठते. वळवाच्या विजा माथ्यावरच्या एकट्या झाडाखाली उभ्या असलेल्या माणसास सोडत नाहीत. फाल्गुन-चैत्रात गवत वाळलेले असताना टाकलेली एक विडी डोंगराची अख्खी बाजू जाळते, आणि त्या वणव्यात जमिनीवरची घरटी व रोपे जातात ती परत येण्यास वर्षे लागतात. कोठे जातो आणि केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे, हा नियम मैलाच्या वाटेसही लागू आहे.

डोंगरास माणसापासून असलेला धोका याहून मोठा आहे. टेकड्यांचे पायथे फोडून इमारती वर चढत आहेत, गायराने नकाशातून नाहीशी होत आहेत, आणि उरलेल्या उतारांवर सद्भावनेने लावलेल्या गिरिपुष्पाच्या गर्द सावलीखाली येथील गवत व वेली तग धरीनाशा झाल्या आहेत. हिरवे ते सारे चांगले, हा समज टेकडीवर नुसती नजर टाकणाऱ्याचा असतो. ज्याने तेथे पूर्वी कंदीलपुष्प पाहिले आहे त्यालाच काय गेले ते कळते. आरक्षणाचे ठराव, हरकती, सुनावण्या या सर्व कागदी लढाईत जे टिकाव धरून राहिले ते नागरिक बहुधा त्या टेकडीवर वर्षानुवर्षे चाललेलेच असतात, आणि कोणत्या ओघळीत पाणी कोठवर चढते हे ते दप्तर न चाळता सांगू शकतात. या पुस्तकामुळे अशा साक्षीदारांची संख्या वाढली तर संपादकांचे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

पुण्याबाहेरील वाचकाने हे पुस्तक परक्याचे म्हणून बाजूस ठेवू नये. मुंबईकरास बोरिवलीच्या रानात कान्हेरीची शंभरांवर लेणी आणि त्यांची कातळातील पाणपोढी आहेत; नाशिककरास पांडवलेणी आहेत; छत्रपती संभाजीनगरच्या रहिवाशास मलिक अंबरच्या नहरीचा माग काढता येईल; नागपूरकरास रामटेकची टेकडी एका दिवसात पाहून येता येते. पद्धत एकच, मुलूख ज्याचा त्याचा.

राहता राहिला प्रारंभ कोठून करावा हा प्रश्न. माझी शिफारस वाचकास कदाचित चमत्कारिक वाटेल, कारण तीत चढ नाही आणि रानही थोडे आहे. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या ओढ्यावर बांध घालून तलाव केले गेले आणि तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून थेट शनिवारवाड्यापर्यंत आणून वाटेतील हौदांत सोडले गेले. हा नळ माणूस आत शिरून चालू शकेल एवढा प्रशस्त आहे, आणि केवळ उताराच्या हिशेबावर, कोणत्याही यंत्रावाचून, पाणी पेठांत पोहोचत असे. नळातील हवेचा दाब सुटावा आणि गाळ काढता यावा म्हणून वाटेवर ठिकठिकाणी दगडी धुराड्यांसारखे उच्छ्वास बांधलेले आहेत. कात्रजपर्यंत बसने जावे आणि तेथून हे उच्छ्वास हुडकीत, सातारा रस्त्याच्या रहदारीतून, सोसायट्यांच्या आवारांतून, गल्लीबोळांतून, काळा हौद व बदामी हौद विचारीत पायी शनिवारवाड्यावर यावे. जमिनीचा उतार पायांना कळू लागला की पुढचा उच्छ्वास कोणत्या बाजूस असेल याचा अदमास येऊ लागतो, आणि तो खरा ठरतो तेव्हा होणारा आनंद कोणत्याही शिखराच्या आनंदास उणा नाही. काही उच्छ्वास शाबूत आहेत, काही भिंतींत गेले आहेत, काहींवर घरे उभी आहेत. सोबतच्या नकाशात जेवढे स्वतः जाऊन पाहता आले तेवढेच दाखविले असून मधल्या जागा मोकळ्या सोडल्या आहेत. ज्या वाचकांस त्या मोकळ्या जागांत काही आढळेल त्यांनी ठिकाण, जवळची खूण आणि पाहिल्याची तारीख एवढा तपशील संपादकांकडे अवश्य पाठवावा, म्हणजे पुढील आवृत्तीच्या नकाशात त्याची नोंद करता येईल.